फरशी नंतर, आधी भरती: खचलेल्या न्हाणीची दुरुस्ती

आमच्या न्हाणीची फरशी एकदा मिस्त्रीने बसवली आणि तीन पावसाळ्यांनी ती आपली आपणच बसली. आधी जाळीजवळच्या दोन टाईल्स डुगडुगायला लागल्या. मग त्यांच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट निघून गेलं. मग एका सकाळी आई बादली घेऊन उभी असताना एका टाईलचा कोपरा चार बोटं खाली गेला. आईला लागलं नाही, पण तेव्हापासून ती न्हाणीत शिरताना भिंतीला हात लावून शिरते.

माझी चूक आधीच सांगून टाकतो. त्याच्या आदल्या वर्षी मी डुगडुगणाऱ्या दोन्ही टाईल्स काढल्या, खाली घमेलंभर मसाला टाकला आणि वर नव्या टाईल्स दाबून बसवल्या. मसाला जरा जास्तच लागतोय हे जाणवलं होतं. तो कुठे जातोय, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. दुसऱ्या वेळी मिस्त्री बोलावला, त्याने सब्बल टेकवली आणि ती हातभर आत गेली. तो म्हणाला, "भाऊ, टाईलले काय पाहून राहिले तुमी? खाली सारं पोकय हाय."

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. जमीन काळी, घर एकमजली, न्हाणी ५ फूट बाय ७ फूट, संडास अंगणात वेगळा. खालची सगळी मापं या न्हाणीची आहेत. तुमची लहान-मोठी असेल तर त्या हिशेबाने कमी-जास्त करा.

आधी दुखणं शोधा

टाईल हा सगळ्यात वरचा पापुद्रा. तिच्याखाली मसाला, त्याखाली काँक्रीटचा थर, त्याखाली जोत्यात टाकलेली भरती आणि सगळ्यात खाली मूळ जमीन. यातलं नेमकं काय हललं, ते फोडण्याआधी बरंचसं कळू शकतं.

आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्यामुळेच. घराच्या मधोमध ऊन-पाऊस पोचत नाही, म्हणून तिथली माती बऱ्यापैकी शांत असते. न्हाणीखाली मात्र पाइप गळत असला तर बारमाही श्रावण. त्यात पुष्कळ ठिकाणी पाया खोदताना निघालेली काळी मातीच जोत्यात परत ढकललेली असते, तीही न धुमसता, म्हणजे ठोकून घट्ट न करता. गळक्या पाण्याबरोबर मातीचा बारीक कण वाहून जातो, पोकळी होते, आणि पोकळी झाली की घुशी येतात. ओल, गारवा आणि मऊ माती, घुशीला आणखी काय हवं? आमच्याकडे तिन्ही गोष्टी निघाल्या.

तपासणीला अर्धा दिवस द्या. लाकडी दांड्याने एकेक टाईल ठोका. मी घरातलं लाटणं घेतलं होतं. ते स्वयंपाकघरात परत घेतलं गेलं नाही. टणक जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. बद्द टाईल्सवर खडूने फुली मारत जा. फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील आणि उभं राहिल्यावर टाईल दबत नसेल, तर दोष बहुतेक मसाल्याचा आहे. फुल्या जाळीभोवती किंवा एका भिंतीलगत जमल्या असतील आणि तिथे पाण्याचं डबकं साचत असेल, तर खालची भरती गेलेली आहे.

मग पाइप. एक बादली पाण्यात कपड्यांची नीळ कालवा आणि जाळीतून ओता. बाहेरच्या चेंबरवर माणूस उभा करा. पाणी पूर्ण आलं का, लगेच आलं का, की थोडंच आलं? चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाखाली डबा धरला तर मोजताही येतं. आमच्या १५ लिटरपैकी जेमतेम ९ लिटर बाहेर आलं. बाकीचं निळं पाणी कुठे गेलं, हे टाईल फोडल्यावर मातीनेच दाखवलं.

बाहेरून जोतंही पाहा. भिंतीला खालून लोणा लागलाय का, ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो का, बीळ आहे का.

दोन परिस्थितींत इथेच थांबा. न्हाणी वरच्या मजल्यावर असेल आणि खालच्या छताला गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर ते काम स्लॅबचं आहे, इंजिनिअरला दाखवा. आणि न्हाणी सेप्टिक टँकवर किंवा शोषखड्ड्याच्या झाकणाला लागून बांधलेली असेल, तर सब्बल मारू नका. झाकण बसलं तर माणूस आत जाईल, आणि आतला वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतो. कुणी पडलाच तर त्याला काढायला मागोमाग उतरायचं नसतं; गावोगाव दुसरा आणि तिसरा बळी असाच जातो.

जुन्यावरच नवी का नको

दुकानात हमखास हा सल्ला मिळतो: फोडाफोडी कशाला, जुन्या टाईलवर नवी चिकटवा. खालचा भाग पूर्ण टणक असेल तर हे चालतं, खास त्यासाठीचा चिकटवायचा मसालाही मिळतो. पण खाली पोकळी असताना नवी टाईल म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं. शिवाय न्हाणीची पातळी अर्धा इंच चढते आणि पाणी उंबरा ओलांडून खोलीत येतं.

कधी करावं

दिवाळी झाली की माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात खड्ड्यात ओल राहते, धुमसलेला मुरूम चिखल होतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. काँक्रीट आतून पक्कं व्हायच्या आधी वरून वाळतं, टाईलचा मसाला पसरेपर्यंत त्यावर साय धरते, आणि मुख्य म्हणजे पाणी मारायला पाणी नसतं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही आणि लग्नसराईत मिस्त्री, हे लक्षात ठेवून तारीख आधीच पक्की करा.

पूर्ण कामाला तीन आठवडे ते महिना धरा. तुमचा मिस्त्री चार दिवसांत देतो म्हणाला तर कुठला टप्पा गाळणार ते विचारा; बहुतेक वेळा पाणी मारण्याचे दिवस गाळलेले असतात. तेवढे दिवस आम्ही अंगणात तट्ट्यांचा आडोसा केला होता.

सामान

काँक्रीटसाठी २ बॅग सिमेंट, ५ घनफूट रेती, १० घनफूट २० मिमीची गिट्टी. सिमेंटची ५० किलोची बॅग म्हणजे सव्वा घनफूट, त्यामुळे हे १:२:४ चं प्रमाण होतं आणि ३५ चौरस फुटांवर साधारण ४ इंचांचा थर बसतो. ढाळाच्या कोब्याला (काँक्रीटवर उतार काढायच्या थराला) आणखी १ बॅग सिमेंट आणि ५ घनफूट रेती, म्हणजे १:४. मुरूम आणि दगड खड्डा पाहिल्यावरच मागवा. आधी मागवलेला नेहमी कमी पडतो.

रेती मूठभर घेऊन चोळा. हाताला मातीचा लेप राहिला तर ती धुवावी लागेल. पाण्याचंही पाहा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरचं खारं पाणी सिमेंटमध्ये कालवू नका. पिण्याच्या नळाचं पाणी पिंपात भरून ठेवा. खाऱ्या पाण्याचं मीठ पुढे सांध्यांतून पांढरं फुटून वर येतं, आणि सळई असेल तिथे तीही खातं.

टाईल्स १२ बाय १२ इंचांच्या घ्या, ३५ लागतात, ४० आणा. दोन बाय दोन फुटांच्या टाईल्स दुकानात छान दिसतात, पण न्हाणीत चारी बाजूंनी जाळीकडे उतार काढायचा असतो आणि मोठी टाईल तो काढू देत नाही. टाईल जमिनीसाठीची आहे ना, ते ओळखायला तिच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. झटकन शोषले तर ती भिंतीची आहे. आणि घसरते का ते तिथेच पाहा: टाईल खाली ठेवा, पाणी टाका, चप्पल काढून उभे राहा. दुकानदार हसेल, हसू द्या.

याशिवाय टाईल चिकटवायच्या मसाल्याची २० किलोची बॅग (बेड सपाट असला तर एक पुरते, तरी दुसरी परत करायच्या बोलीवर आणा), सिमेंटमध्ये मिसळायचं पातळ वॉटरप्रूफिंग, ब्रशने लावायचं दोन भागांचं वॉटरप्रूफिंग साधारण ६० चौरस फुटांपुरतं, नवा नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग), पीव्हीसी पाइप आणि त्याचं सोल्युशन, ग्राउट (टाईल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला), सिलिकॉनची ट्यूब, जाड प्लास्टिकचा कागद, स्पेसर (सांधा सारखा ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे).

फोडणं

गिझरचा आणि न्हाणीच्या दिव्याचा स्विच नव्हे, मेन बंद करा. पाण्याचा वॉल्व्ह बंद करा. ट्रॅपच्या तोंडात पोत्याचा बोळा घट्ट कोंबा, नाहीतर अर्धा मलबा पाइपात जातो. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, पायात बूट. टाईलची कपची सुरीसारखी असते.

सगळ्यात बद्द वाजणाऱ्या टाईलपासून सुरुवात करा. ती आपोआप सुटते आणि छन्नीला कड मिळते. जमिनीबरोबर भिंतीच्या टाईल्सची सगळ्यात खालची एक ओळही काढायची आहे. हे मिस्त्रीला आवडत नाही, कारण भिंतीची तशीच टाईल नंतर मिळत नाही. पण वॉटरप्रूफिंग भिंतीवर चढवायला जागा लागतेच. वेगळ्या रंगाची पट्टी मुद्दाम केली असं दिसेल अशी निवडा, आम्ही करड्या रंगाची घेतली.

टाईल्स, मसाला, जुनं काँक्रीट, सगळं काढा. "हा कोपरा टणक आहे, राहू द्या" असं म्हणायचा मोह होतो. अर्धं जुनं आणि अर्धं नवं काँक्रीट जिथे भेटतं तिथेच पुढे तडा जातो. जुन्या काँक्रीटची ढेकळं बाजूला ठेवा, सोलिंगमध्ये, म्हणजे काँक्रीटखालच्या दगडांच्या थरात, कामाला येतील. माती लागलेला चुरा फेकून द्या.

खोदणं आणि पाइप

आता काळी, ओली, भुसभुशीत माती काढत खाली जा. कुठपर्यंत? मिस्त्री सब्बल उभी धरून सोडतो. ती दोन-तीन बोटांपेक्षा जास्त रुतली नाही की थांबतो. तरीही दाराजवळच्या तयार फरशीच्या पातळीपासून निदान १ फूट खोली हवीच, कारण टाईल आणि तिचा मसाला अर्धा इंच, ढाळाचा कोबा अडीच इंच, काँक्रीट ४ आणि सोलिंग ५ इंच एवढं त्यात मावायचं आहे.

भिंतीच्या पायापेक्षा खाली खोदू नका. गावातल्या जुन्या घरांचा पाया उथळ असतो, मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतींचा तर फारच. भिंतीलगतची माती पायाखालूनच गेलेली दिसली तर संपूर्ण बाजू एकदम मोकळी करायची नाही. दोन-अडीच फुटांचा तुकडा मोकळा करायचा, दगड-काँक्रीटने भरायचा, तो पक्का झाला की पुढचा. भिंतीला तिरकी, वर रुंद होत जाणारी भेग असेल तर हे काम जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय करू नका.

खड्डा उघडा ठेवून दोन दिवस वाळू द्या. आमच्या खड्ड्यात पाइपाचा एक सांधा नुसता एकात एक खोचलेला निघाला, सोल्युशनच नाही. घुशीचं बीळ त्या सांध्यापासून सरळ अंगणातल्या केळीपर्यंत गेलं होतं.

जुना ट्रॅप आणि बाहेरच्या चेंबरपर्यंतचा पाइप बदलून टाका. पाइपाला चार फुटांना एक इंच उतार द्या. सांधा पुसून कोरडा करा, दोन्ही तोंडांना सोल्युशन लावा, आत ढकलून थोडं फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पाइप मातीत अधांतरी ठेवू नका. खाली रेतीचा बेड, बाजूंनी रेती. ट्रॅप असा घ्या की त्यात निदान दोन इंच पाणी उभं राहील. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं आत येत नाहीत.

झाकण्यापूर्वी चेंबरच्या बाजूचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा आणि तासभर पाहा. पातळी उतरली तर सांधा पुन्हा करा. मोबाइलवर फोटो काढा, आणि दोन भिंतींपासून पाइप किती अंतरावर आहे ते कागदावर लिहा. पुढे कुणी नळासाठी भोक पाडायला येईल तेव्हा हा कागद सोन्याचा ठरतो.

बिळात फुटक्या काचा घालून वरून काँक्रीट ठोसा. बिळाचं बाहेरचं तोंडही असंच बंद करा.

भरती, म्हणजे खरं काम

इथे घाई केली की बाकी सगळं वाया. काढलेली काळी माती परत टाकायची नाही. वाळवूनही नाही, गिट्टी मिसळूनही नाही. आमच्या मिस्त्रीने विचारल्यावर एकच वाक्य सांगितलं: "कायी माती टाकसान तं दोन सालानं मले पुन्हा बलावसान."

मुरूम आणा. त्यात मोठे दगड नकोत आणि नुसती भुकटीही नको. मूठभर मुरूम दाबा. गोळा होऊन राहिला आणि बोटांना पाणी लागलं नाही तर ओल बरोबर. विखुरला तर थोडं पाणी शिंपडा, हात ओला झाला तर पसरून वाळवा.

एका वेळी ६ इंचांपेक्षा जास्त टाकू नका. पसरवा, धुम्मसने ठोका, कोपऱ्यांत आणि पाइपाच्या बाजूंना लाकडी ओंडक्याने ठोका. थर दोन-तीन बोटं खाली बसतो आणि धुम्मस उडायला लागतो, हात झिणझिणतात. त्यानंतरच पुढचा थर. पाइपाच्या थेट वर जोरात ठोकू नका, तिथे निदान अर्धा फूट भरती झाल्यावरच हात मोकळा सोडा. पूर्ण खड्डा एकदम भरून वरून पाणी सोडायचं आणि "बसेल आपोआप" म्हणायचं, ही पद्धत मी दोन-तीन घरांत पाहिली आहे. ती बसते खरी, पण टाईल लावल्यावर.

मुरमावर दगडाचं सोलिंग: हाताएवढे दगड आणि जुन्या काँक्रीटचे तुकडे उभे, एकमेकांना चिकटून लावा, फटींत मुरूम किंवा चुरी भरा आणि पुन्हा ठोका. वरून थोडी चुरी पसरून सपाट केलं की त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा भिंतीवर चार बोटं चढवा. खालची ओल वर येत नाही आणि काँक्रीटचं पाणीही खाली जिरत नाही.

वाळवीचं औषध मारायचं असेल तर कागदाआधी मारा, विहीर जवळ असेल तर मारूच नका.

काँक्रीट

पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून चारी भिंतींवर एकाच उंचीची खूण करा. पुढची सगळी मापं त्या खुणेपासून खाली घ्या. कुठलीही जमीन नजरेने सपाट दिसते, पाण्याला ती तशी वाटत नाही.

काँक्रीट पातळ करू नका. मिस्त्री पसरवायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवतो आणि ताकद तिथेच कमी होते. ४ इंचांचा थर टाका, पट्टीने ठोकून आतली हवा काढा, ट्रॅपभोवती हाताने दाबून भरा. वरचा भाग गुळगुळीत न करता झाडूने खरबरीत सोडा.

दुसऱ्या दिवसापासून ७ दिवस ओलं ठेवा. कडेने मातीची आळी करून पाणी उभं करा किंवा ओला बारदाना अंथरा. हे काम घरातल्यांचं. मिस्त्री दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

ढाळ

आपल्याकडे निम्म्या न्हाण्यांत पाणी झाडूने ढकलावं लागतं, कारण ढाळ टाईल लावताना "मसाल्यात काढून घेऊ" म्हणून सोडून दिलेला असतो. तो कोब्यातच पक्का करा.

पाच फुटांना एक इंच हे माप ठेवा. जाळी कोपऱ्यात असली आणि दार सात फुटांवर असलं तर दाराजवळची जमीन जाळीपेक्षा जवळजवळ दीड इंच उंच येते. जाळीजवळ कोबा १ इंच, दाराजवळ अडीच इंचांच्या आत. जाळीपासून चारी कडांना दोऱ्या ताणा, दोरीखाली मसाल्याचे ठोकळे करा, ते वाळल्यावर ठोकळ्यांच्या मधली जागा भरून पट्टीने ओढा. न्हाणीची दाराजवळची तयार पातळी खोलीपेक्षा निदान एक इंच खाली असली पाहिजे, मधे कोटा दगडाची किंवा ग्रॅनाइटची पट्टी.

काँक्रीटवर आधी सिमेंटचं घट्ट पाणी झाडूने फासा, ते ओलं असतानाच १:४ चा मसाला टाका. मसाल्यात पातळ वॉटरप्रूफिंग बाटलीवर लिहिलेल्या मापाने मिसळा. जास्त टाकलं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन न ठेवता मसाल्याने गोलाई करा, मिस्त्री याला वाटा म्हणतात. गळती नेहमी कोपऱ्यातून सुरू होते.

वाळायला लागल्यावर एक चेंडू सोडून पाहा. चारी कोपऱ्यांतून तो जाळीकडे गेला पाहिजे. नाही गेला तर आत्ताच दुरुस्त करा. मग ३ दिवस पाणी मारा.

वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची परीक्षा

ब्रशने लावायचं लेपण सिमेंटवर आधारित हवं. डांबर लावू नका, त्यावर टाईलचा मसाला धरत नाही. जमीन झाडून, धुऊन घ्या; लावताना ती दमट हवी, पण पाणी उभं नको. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर १ फूट चढवा, ट्रॅपच्या गळ्यात आतपर्यंत उतरवा. वाळायला किती वेळ ते डब्यावर असतं.

मग परीक्षा. ट्रॅप बोळ्याने बंद करा, दारात मसाल्याची छोटी पाळ घाला आणि सरासरी दोन इंच पाणी भरा; आमच्या न्हाणीला साधारण १६५ लिटर लागलं. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. आता एक युक्ती: एका बादलीत पाणी भरून तीही न्हाणीतच ठेवा आणि तिच्यावरही खूण करा. २४ तासांनी, जमल्यास ४८, दोन्ही खुणा पाहा. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं हवेने नेलं. न्हाणीचं त्यापेक्षा जास्त उतरलं असेल तर गळती आहे. पहिल्या वेळी आमचं बोटभर जास्त उतरलं. ट्रॅपच्या गळ्याशी लेप सुटला होता.

टाईल लावणं

आधी कोरड्या टाईल्स मांडून पाहा. दारातून दिसणाऱ्या बाजूला पूर्ण टाईल, कापलेले तुकडे मागच्या भिंतीकडे. जाळीजवळची टाईल कोपऱ्या-कोपऱ्यातून तिरकी कापली की उतार नीट मिळतो. कापताना मशिनवर पाणी सोडा, मास्क ठेवा. तो पांढरा धूर फुप्फुसात जातो. आणि लाइन असेल तेव्हा सगळे तुकडे आधीच कापून घ्या. मसाला कालवलाय आणि लाइन गेली, असा प्रकार आमच्याकडे झालेला आहे.

व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, टाईल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती धरत नाही. काही वर्षांनी पूर्ण टाईल अख्खी सुटून येते, पाठ कोरी. चिकटवायचा मसालाच वापरा आणि त्यासाठी टाईल भिजवू नका.

टबात आधी पाणी, मग पावडर. घोटा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा. एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरताच दातेरी थापीने पसरा, सगळ्या रेघा एकाच दिशेने. बोट लावून पाहा. मसाला बोटाला लागला नाही तर खरवडून नवा टाका. मधून एखादी टाईल उचलून पाठ बघा. पूर्ण भरलेली दिसायला हवी. पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून टाईल दाबण्याची पद्धत इथे चालवून घेऊ नका, मधे पुन्हा पोकळ्या तयार होतात.

टाईल्समध्ये २-३ मिमी सांधा, भिंतीलगत ५ मिमी मोकळी फट. जाळीची पट्टी टाईलपेक्षा केसभर खाली.

२४ तास पाय ठेवू नका. मग ग्राउट भरा, जादा ओल्या स्पंजने पुसा. भिंतीलगतच्या फटीत ग्राउट नको, सिलिकॉन भरा. काळी माती घर थोडं हलवणारच, त्याला वाव हवा. तीन दिवसांनी आंघोळ.

बाहेरची बाजू

न्हाणीचं पाणी केळीला आणि चमकुऱ्याला (अळूला) सोडायची आपली जुनी सवय. सवय चांगली आहे, जागा वाईट. केळ भिंतीलगत असेल तर जोत्याची माती बारमाही ओली राहते. पाइप १० फूट लांब न्या. शोषखड्डा करायचा असेल तर काळ्या मातीत तो पाणी पितच नाही, मुरूम लागेपर्यंत खोदावा लागतो, आणि विहीर-बोअरपासून ६० फूट तरी दूर. घराच्या कडेने दोन-तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी, बाहेर उतार देऊन, टाकली तर पावसाचं पाणीही पायाशी मुरत नाही. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला लोखंडी जाळी लावा, घुशी तिथूनच परत येतात.

फरशीवर संडासचं ॲसिड ओतू नका. ते डागांबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग दर आठवड्याला घासले तर ॲसिडची वेळ येत नाही.

पहिल्या आषाढात आणि त्यानंतरच्या वैशाखात, म्हणजे माती फुगलेली आणि आकसलेली असताना, सगळ्या टाईल्स पुन्हा एकदा ठोकून पाहा. उरलेल्या चार टाईल्स आणि पाइपाच्या मापांचा कागद आम्ही माळ्यावर एका खोक्यात ठेवलाय. लाटणंही त्याच खोक्यात आहे.